जुन्या वाड्यांचे लाकूड आणि आजची घरे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय छापून आल्यापासून दोन-तीन गृहस्थांनी मला हसत हसत विचारले की, ‘गुरुजी, जन्मभर त्रैराशिक शिकवून आता ही सुतारकी कुठे काढली?’ त्यांचे विचारणे रास्त आहे. मी सुतार नाही आणि स्थापत्यविशारद तर मुळीच नाही. परंतु आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांचे वडिलोपार्जित वाडे आज उतरविले जात आहेत. मंडळाच्या जुन्या वसतिगृहाच्या इमारतीचा प्रश्नही कार्यकारिणीपुढे आहे. अशा वेळी ठेकेदार येतो आणि मोठ्या उदारपणे म्हणतो, ‘वाडा आम्ही फुकट उतरवून देतो, निघालेले सामान तेवढे आमचे.’ हा ‘फुकट’ शब्द ऐकला की आमच्यातील शिक्षक जागा होतो. तेव्हा त्या सामानात काय असते, त्याची खरी योग्यता कोणती, आणि ‘जुने लाकूड ते जुने लाकूड, आजच्या लाकडात राम नाही’ असे जे आपण सर्रास म्हणतो त्यात तथ्य किती, याचा थोडा हिशेब आपणांपुढे मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम वाडा म्हणजे काय ते पाहू. आपण वाड्याच्या भिंतींकडे पाहून त्याचे कौतुक करतो. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या त्या भिंती पाहून सगळा भार त्यांच्यावरच असावा असा कोणाचाही समज व्हावा. पण चांगल्या बांधलेल्या वाड्यात भार वाहण्याचे मुख्य काम लाकडाचे असते. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, असा तो सांगाडा. दोन खांबांमधील अंतराचा एक खण धरला जाई आणि घराचे मोजमाप खणांवर चाले. ‘आमचे घर नऊ खणांचे’ असे वडील मंडळी म्हणत ते याच हिशेबाने. खण साधारण पाच फुटांचा. लाकूड जेवढ्या लांबीवर न वाकता भार पेलील तेवढाच तो ठेवीत. एका लाकडाला कूस, दुसऱ्याला खाच, आणि दोहोंतून आरपार लाकडी खुंटी, असे हे जोड असत. लोखंडी खिळ्यांवर सारी भिस्त ठेवण्याची रीत नव्हती.

या सांगाड्याचे महत्त्व एका दारुण प्रसंगी दिसून आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. ती बहुतेक आपल्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गाडली गेली. गोलसर दगड मातीत रचून केलेल्या त्या भिंती हादऱ्यासरशी ढासळल्या. मात्र तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा असे आढळले की, जेथे माळवदाचा भार भिंतींवर न टाकता लाकडी खांबांवर घेतलेला होता आणि सांगाडा नीट जोडलेला होता, तेथील काही घरांच्या भिंती बाहेरच्या बाजूस पडल्या तरी छप्पर खांबांवर तसेच उभे राहिले, आणि आतील माणसे वाचली. भूकंपानंतर लोकांनी दगडमातीच्या घरांची धास्ती घेतली, ती स्वाभाविकच होती. पण त्या धास्तीत लाकडाचा हा गुण बोलायचा राहून गेला.

आता लाकडाकडे वळू. जुने घर म्हटले की ते सागवानीच असणार, ही आपली आवडती समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी होती. पुण्याच्या शनिवारवाड्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातून आणले, असे सांगतात. परंतु ती पेशव्यांची ऐपत होती. कोकणातील घरांत फणस, ऐन, किंजळ हीच लाकडे मुख्यत्वे दिसतात, आणि वाशांना माड-पोफळीही चाले. देशावर साध्या शेतकऱ्याच्या घरात बाभूळ, लिंब, प्रसंगी आंबासुद्धा वापरलेला असे. त्यांपैकी बाभळीचा गाभा चिवट असतो, पण आंब्याच्या लाकडाला कीड फार लवकर लागते. ही हलक्या लाकडाची घरे आज कोठे आहेत? ती केव्हाच पडली, त्यांचे सरपण झाले, आणि त्यांच्या जागी दुसरी घरे उठली. जी उत्तम लाकडाची होती, ज्यांची कौले दरवर्षी परतली गेली, ज्यांच्या मालकांची परिस्थिती बरी होती, तेवढीच आपल्या डोळ्यांसमोर उरली. शंभर मुलांतून पहिल्या वर्गात आलेली पाच मुले समोर उभी करून ‘आमच्या वेळी सगळेच हुशार होते’ असे म्हणण्यासारखे हे आहे. जुन्या लाकडाची स्तुती अवश्य करावी, पण ही गोष्ट ध्यानात ठेवून करावी.

असे असले तरी उत्तम प्रतीचे जुने लाकूड खरोखरच किती टिकते, याची साक्ष आपल्या घराजवळच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला आतून ज्या लाकडी फासळ्या बसविल्या आहेत, त्या लेण्याच्या काळच्या म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. डोंगराच्या पोटात त्यांना पाऊस लागत नाही, जमिनीची ओल पोहोचत नाही आणि वारा मात्र खेळता राहतो. दुसरे उदाहरण समुद्रावरचे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. लाकूड कोरडे राहिले, अथवा त्याची नीट निगा ठेवली, तर केवळ वयामुळे ते दुबळे होत नाही. त्याला मारतात ती ओल, बुरशी, वाळवी आणि आग. तेव्हा शंभर वर्षांची तुळई जुनी झाली म्हणून टाकून द्यावी, या म्हणण्याला आधार नाही.

मग त्या सागात असे काय होते? येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लाकूड आडवे कापले असता जी वर्तुळे दिसतात ती जितकी दाट तितके लाकूड भक्कम, असे पुष्कळजण सांगतात. चीड, देवदार अशा सूचिपर्णी झाडांच्या बाबतीत हे पुष्कळ अंशी खरे आहे. सागाची रचना मात्र निराळी आहे. सागाच्या प्रत्येक वर्तुळात आरंभी मोठ्या छिद्रांचा एक पट्टा असतो आणि नंतर घट्ट लाकूड येते. झाड फारच मंद वाढले तर घट्ट भाग आकसतो आणि छिद्रांचा पट्टा मात्र तेवढाच राहतो. म्हणजे अतिशय दाट वर्तुळांचा साग उलट थोडा हलका निघू शकतो. तेव्हा झाड किती वेगाने वाढले यापेक्षा ते किती वर्षांचे होऊन तोडले, हा प्रश्न सागाच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा आहे.

याचे कारण असे. झाडाच्या बुंध्यात बाहेरच्या बाजूस पांढुरके लाकूड असते. त्यातून झाडाचा रस वाहतो आणि त्यात साखर, पिष्ट वगैरे कीटकांचे अन्न असते. आत गाभा असतो. या गाभ्यात सागाने आपली तेलकट द्रव्ये साठविलेली असतात. वाळवीला ती मानवत नाहीत. सागाची सारी कीर्ती या गाभ्याची आहे. बाहेरचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी वाळवी ते इतर कोणत्याही लाकडासारखेच खाते. आता ऐंशी-शंभर वर्षांच्या नैसर्गिक जंगलातील सागात गाभा भरपूर आणि पांढरा भाग कडेला थोडासा. वीस वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या सागात गाभा कमी आणि पांढरे लाकूड पुष्कळ. शिवाय कोणत्याही झाडाच्या अगदी मधले, पहिल्या वीसेक वर्षांतले लाकूड हे कोवळेपणीचे लाकूड असते. त्याचे तंतू आखूड असतात व वाळताना ते अधिक पीळ खाते. लहान वयाचे झाड म्हणजे जवळजवळ सगळे कोवळेच लाकूड. आपल्या आजोबांच्या सुताराने खांबासाठी झाड निवडले तेव्हा हा दोष त्याच्या वाट्याला थोडा येई, आणि जो येई तो वाकसाने ताशीत असता त्याच्या हाताला कळे.

दुसरी बाब वाळविण्याची. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी फार असते. ते पाणी कोरड्या लाकडाच्या वजनाच्या शेकडा ३० पर्यंत उतरेतो लाकूड आकसत नाही. त्याखाली उतरू लागले की ते आकसते, पीळ खाते, फाटते. घरात बसविण्यासाठी ते शेकडा १२ च्या आसपास यावे लागते. उघड्या हवेत सावलीत रचून ठेवले तर दर इंच जाडीला सुमारे एक वर्ष, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. ब्रह्मदेशात तर उभ्या सागाच्या बुंध्याभोवती खोल खाच पाडून ते झाड दोन-तीन वर्षे जागच्या जागी वाळू देत, आणि मग तोडीत. कारण ओला साग पाण्यात बुडतो आणि वाळलेला तरंगतो, व त्यांना तो नदीतून वाहून न्यायचा असे. आपल्याकडे वाडा बांधावयाचे ठरले की लाकूड आधी आणून परसात रचीत आणि मुलीच्या लग्नासारखी काही वर्षांची तयारी चाले. आज घराचा ताबा अमुक तारखेस द्यावयाचा असतो. गिरणीतून सोमवारी कापून आलेली चौकट शुक्रवारी भिंतीत बसते, आणि पुढच्या उन्हाळ्यात दार आपटून घ्यावे लागले की आपण सागवानाला दोष देतो.

हे लाकूड गेले कोठे, असे मुले विचारतात. थोडे जहाजांत गेले, थोडे रेल्वेच्या स्लीपरांत. डांगचे जंगल इंग्रजांनी १८४२ साली भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतले ते जहाजांच्या सागासाठीच. पुढे सरकारने जंगले राखीव केली, कामाच्या योजना आखल्या, आणि स्वातंत्र्यानंतरही तोड चालूच राहिली. १९७४ साली आपल्या राज्यात वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याने सागाची मोठी लागवड केली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजूर योजनेवाचून वनात तोड करू नये, असा आदेश गोदावर्मन खटल्यात दिला; त्यानंतर देशी मालाची आवक आखडली आणि बाहेरच्या मालाची वाढली. ब्रह्मदेशानेही १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आज बाजारात येणारा पुष्कळसा साग घाना, इक्वेडोर, कोस्टारिका, ब्राझील अशा दूरदूरच्या देशांतील लागवडीचा असतो. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अजूनही नाव राखून आहे. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेले ते बल्लारपूरहूनच. परंतु व्यापाऱ्याने ‘सी. पी. टीक’ म्हटले म्हणून तो माल चांद्याचाच, असे समजू नये. सी. पी. म्हणजे मध्य प्रांत. तो प्रांत नावाने १९५० सालीच संपला, त्याचे नाव मात्र लाकडाच्या वखारीत अजून नांदत आहे!

जंगल राखले गेले याचे मला दुःख नाही. प्रत्येकाने शंभर वर्षांचे झाड तोडून घर बांधावे असे आता कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, जे एकदा तोडून, वाळवून, शंभर-दीडशे वर्षे आपल्याच छपराखाली राहिले आहे, ते लाकूड मलब्याच्या भावाने जाऊ नये.

आजच्या घराविषयी उगाच नाके मुरडण्यातही अर्थ नाही. आजच्या घराचा सांगाडा सिमेंटचा आणि पोलादाचा आहे. लाकूड आता दाराच्या चौकटीपुरते आणि कपाटांपुरते उरले. वाड्यांचे दोषही आपण सोयीस्करपणे विसरतो. १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाडा जळाला तो कित्येक दिवस जळत होता, आणि शेवटी जोती, तट आणि दरवाजे एवढेच उरले. १८७९ सालच्या आगीत पुण्याचा बुधवारवाडा नामशेष झाला आणि विश्रामबागवाड्याचा भाग गेला. जाड खांब सावकाश जळतो हे खरे. बाहेर कोळशाचा थर धरतो आणि आग तासाला इंच-सव्वा इंचच आत शिरते. पण पाट, रिफा, जाळीची नक्षी ही पातळ लाकडे आग भराभर पसरवितात, आणि मग खांबालाही सुटका नसते. पुष्कळ वाड्यांतील कड्या चौरस किंवा आडव्या बसविलेल्या आहेत. हाही हिशेबी वापर नव्हे. तीन इंच बाय सहा इंचांची कडी आडवी न ठेवता उभी ठेवली तर ती दुप्पट भार सोसते आणि चौपट ताठ राहते. वर्गात फळ्यावर हे गणित मांडताना मला नेहमी वाटे की, लाकूड मुबलक होते म्हणून कारागिराने काटकसर केली नाही. एका बाबतीत मात्र जुन्या मंडळींची शहाणीव आपण सोडून दिली. खांब तळखड्यावर असल्याने त्याचा पाय जमिनीच्या ओलीपासून दूर आणि उघडा राही. वाळवीचा मातीचा माग चढू लागला की केरवारा करताना गृहिणीच्या नजरेस तो येई. आज चौकटीचे पाय फरशीखाली पुरलेले आणि बाजू गिलाव्यात लपलेल्या असतात. वाळवी आतल्या आत काम करते, आणि रंगाचा पापुद्रा तेवढा आपल्याकडे पाहत असतो.

आता ज्यांच्या घरी वाडा उतरावयाचा आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. आठ इंच बाय आठ इंचाचा नऊ फूट उंचीचा खांब घ्या. आठ इंच म्हणजे दोन तृतीयांश फूट. त्याचा वर्ग चार नवमांश. त्याला नऊने गुणले की चार घनफूट. सागाचे एक घनफूट सुमारे अठरा किलो भरते, म्हणजे तो खांब सत्तर किलोंच्या वर गेला. आजच्या साध्या दाराची चौकट पाच इंच बाय अडीच इंचाची, सात फुटांचे दोन पाय आणि साडेतीन फुटांची आडवी पट्टी, मिळून दीड घनफुटाची होते. कापताना जाणारा भुसा आणि खिळ्या-खुंट्यांची भोके वजा जाता एका खांबातून दोन चौकटी निघतात. चोवीस खांबांच्या वाड्यात नुसत्या खांबांचेच ९६ घनफूट झाले. तुळया, कड्या आणि पाट यांचा हिशेब निराळा. भाव ज्याने त्याने दोन-तीन वखारींत विचारावा, आणि मग ठेकेदाराच्या ‘फुकट’ या शब्दाची किंमत काढावी.

येथे वखारीचे एक गणितही सांगून ठेवतो. गोल ओंडका मोजताना व्यापारी दोरीने त्याचा घेर घेतात, घेराची चौथाई काढून तिचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. चार फूट घेराचा दहा फूट लांब ओंडका या रीतीने दहा घनफूट भरतो. खरे घनफळ मात्र पावणेतेरा घनफुटांच्या आसपास येते. ही रीत लबाडीची नव्हे. चौरस कापताना कडा वाया जातात म्हणून ती पूर्वापार रूढ आहे. पण जुने खांब आधीच चौरस कापलेले असतात, त्यांना ही चौथाईची रीत लावू देऊ नये. त्यांचे मोजमाप लांबी, रुंदी, जाडी असेच व्हावे. शेतावरची जुनी झाडे विकतानाही कोणत्या रीतीने मोजणार ते आधी ठरवावे.

लाकूड पारखण्यास फार विद्या लागत नाही. खांबाचा पाय, तुळईचे भिंतीत गेलेले टोक आणि पन्हळीखालचे वासे ही तीन ठिकाणे आधी पाहावीत, कारण सडणे तेथूनच सुरू होते. टोकदार आरी दाबून पाहावी. निरोगी लाकडात ती अडते, सडक्यात लोण्यात शिरावी तशी शिरते. लाकडी ठोकळ्याने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज आला तर आत पोकळ समजावे. टोक सडले म्हणून सबंध तुळई टाकू नये. दोन फूट कापून टाकले तर उरलेली दहा फूट बहुधा निर्दोष निघते. जुन्या रंगाखाली लाकूड कोणते ते कळत नसेल तर कोपऱ्यावर रंध्याचा एक हात मारावा. सागाचा सोनेरी पिंगट रंग आणि कातड्यासारखा वास शंभर वर्षांनीही तसाच येतो. ऐन, शिसव वा फणस निघाला तरी निराश होऊ नये. शिसवाला तर आज सागाहूनही अधिक मान आहे.

वसतिगृहाच्या इमारतीबद्दल माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे. निविदा मागविण्यापूर्वी एका जाणत्या सुताराला दोन दिवस मजुरी देऊन बोलवावे. प्रत्येक खांबावर, तुळईवर आणि कडीवर खडूने नव्हे, रंगाने क्रमांक घालावा. वहीत त्या क्रमांकापुढे लांबी, रुंदी, जाडी आणि लाकडाची जात लिहावी, आणि त्या वहीची एक प्रत ठेकेदाराच्या करारास जोडावी. उतरविताना पहार आणि घण न वापरता खुंट्या ठोकून काढून जोड सोडवावेत, अशी अट करारात असावी. घणाने पाडलेल्या तुळईला आतून चीर जाते आणि ती बाहेरून दिसत नाही. उतरविलेले लाकूड जमिनीला न टेकविता विटांवर, मध्ये पट्ट्या घालून, पत्र्याच्या छपराखाली रचावे. मापे घेण्याचे आणि वही लिहिण्याचे काम करावयास मी तयार आहे. सुट्टीत दोन-चार मुले मदतीस मिळाली तर त्यांचेही घनफळाचे धडे आपोआप होतील. दिवाळीच्या सुट्टीत सकाळी आठ वाजता वसतिगृहाच्या ओसरीवर यावे, टेप आणि वही मी घेऊन येईन.